खुब्याचे बॉल जाळू नका : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिपेढ्या (पेशंटना भर घालायला लागणारं हाड साठवणाऱ्या बँका) सुरू करण्याबाबत.

महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ शहरातून एक बातमी आली. हाडाचे तुकडे दोन-तीन मिनिटांत चिकटवणारा डिंक तिथल्या सर्जनांनी तयार केला होता. ओल्या खडकाला घट्ट धरून बसणाऱ्या कालवांवरून म्हणे ही कल्पना सुचली. त्याच महिन्यात दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी ग्लू गनसारख्या यंत्रातून मोडलेल्या हाडावर थेट साहित्य सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तो प्रयोग सशांवर झाला होता, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता ससे गळून पडले. तेव्हापासून ओपीडीत कुणी ना कुणी विचारतंच, "डॉक्टर, ते फेविक्विक आपल्याकडे कधी येणार?"

येईल तेव्हा येईल. या विषयातलं संशोधन जोरात आहे आणि मी ते आवडीने वाचतो. पण जिल्ह्याच्या ठिकाणी ऑर्थोपेडिक्सची प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्यासारख्याची अडचण याहून साधी आहे : मोडलेल्या जागी भर घालायला हाड पुरत नाही; आणि तिचा उपाय आपल्या खात्याच्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

बहुतेक फ्रॅक्चर आपोआप जुळतात. आम्ही हाड सरळ धरून ठेवतो, बाकीचं काम शरीर करतं. प्रश्न येतो तो हाडच कमी पडतं तेव्हा. हायवेवर मोटरसायकल ट्रकला धडकते, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि त्याचा एखादा तुकडा रस्त्यावरच राहतो. गुडघ्याजवळचं हाड दबून आत जातं; ते उचलून जागेवर आणलं की खाली पोकळी उरते. हाडातली गाठ खरवडून काढली की तिथे वाटीएवढा खड्डा पडतो. कधी वर्ष उलटतं, रॉड आत असतो, पण हाड काही जुळत नाही. अशा वेळी भर घालावी लागते.

आजही पहिली पसंती पेशंटच्या स्वतःच्या हाडाला. कमरेच्या वरच्या कडेवर छेद घ्यायचा, छिन्नीने झाकण उचलायचं आणि आतलं मऊ, लालसर, जाळीदार हाड खरवडून घ्यायचं. भर घालायच्या साहित्यात तीन गुण लागतात : नव्या हाडाला चढायला सांगाडा, शरीराला 'इथे हाड बांध' असं सांगणारी प्रथिनं, आणि बांधणाऱ्या जिवंत पेशी. हे तिन्ही एका जागी फक्त स्वतःच्या हाडात मिळतात. पण ते मिळतं थोडं, मुलांमध्ये तर फारच थोडं. शिवाय त्याची किंमत पेशंट मोजतो. ऊसतोडीला जाणारी एक बाई पायाचं हाड जुळल्यावर मला म्हणाली होती, "पायाचं मी इसरले, पण ही कंबर वाकू देईना." मोळी उचलणाऱ्या माणसाला कमरेचं दुखणं परवडत नाही.

म्हणून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पर्यायांचा शोध चालू आहे. १८९२ मध्ये ड्रीसमन नावाच्या जर्मन सर्जनने हाडातल्या पोकळीत चक्क प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं होतं. तेच कॅल्शियम सल्फेट, शुद्ध स्वरूपात आणि अँटिबायोटिक मिसळून, आम्ही आजही मण्यांसारखं वापरतो. १९६७ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच हे काचेवर काम करणारे संशोधक एका परिषदेला बसने निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला लष्करी अधिकारी बसला होता. तुमची काच जखमी जवानांच्या काही कामाची आहे का, असं त्याने विचारलं. १९६९ मध्ये हेंच यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची अशी काच बनवली की उंदराच्या मांडीच्या हाडात बसवल्यावर ती ढकलूनही निघेना. हाडाने ती आपली मानली होती. दात शिवशिवण्यावरच्या काही टूथपेस्टमध्ये आज हीच काच असते. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने, जिने १९९० मध्ये देशी हृदयझडप दिली तिनेच, हाडांसाठीच्या सिरॅमिकवर बरीच वर्षं काम केलं आहे. संशोधनात आपण अगदीच मागे आहोत असं नाही.

पण बाजारात मिळणारे हे सिरॅमिकचे दाणे मुख्यतः सांगाड्याचं काम करतात. बाकीचे दोन गुण त्यांच्यात नसतात किंवा नावापुरते असतात. आणि किंमत? काही सीसीच्या बाटलीला हजारो रुपये. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली आणि गोरगरिबांना त्याचा फायदा झाला. एरवी वैद्यकीय साधनाची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढंच बंधन. मुळात छापलेला आकडाच अव्वाच्या सव्वा असेल, तर या बंधनाचा पेशंटला काय उपयोग? जनआरोग्य योजनेतल्या पेशंटचं सगळं पॅकेजच्या ठरावीक रकमेत बसवायचं असतं. मग बाटली मागवायची हिंमत होत नाही आणि पुन्हा कमरेवर छेद घ्यावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेले आजी-आजोबा आपल्या प्रत्येक शासकीय महाविद्यालयात भरती असतात. त्यांतल्या अनेकांचा खुब्याचा बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल डोकं, बदलावा लागतो. मोडलेला बॉल कॉर्कस्क्रूसारख्या हत्याराने फिरवून बाहेर काढतात आणि गेजच्या भोकांतून घालून माप घेतात : ४३, ४५ मिलिमीटर. त्या मापाचा धातूचा बॉल ट्रॉलीवर येतो. खरा बॉल ट्रेमध्ये पडलेला असतो. सिस्टर विचारते, "सर, हे बायोप्सीला?" "नको." तो पिवळ्या पिशवीत जातो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळी पिशवी भट्टीत जाते. लहान लिंबाएवढं हाड. दळून चुरा केला तर गुडघ्याखालची एखादी पोकळी त्यात सहज भरली असती. शेजारच्याच टेबलावर त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या कमरेतून हाड काढणं चालू असतं. काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात तो हाच.

हे हाड वापरायचं कसं हे आपल्याच राज्यात नीट माहीत आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक, म्हणजे हाडासारख्या ऊतींची पेढी, आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने ती उभी राहिली. दात्याची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांसाठी तपासणी होते. हाड धुऊन, त्यातली चरबी-मज्जा काढून, गोठवून सुकवतात आणि पाकीटबंद करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. अशा कामासाठी २५ किलोग्रे ही रूढ मात्रा आहे. वैद्यकीय साहित्याला गॅमा किरण देणारं आयसोमेड हे केंद्र ट्रॉम्बेला १९७४ मध्येच सुरू झालं. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्टपासून निघणारे हेच गॅमा किरण अगदी कमी मात्रेत देतात. म्हणजे हे तंत्र आपल्या शेतकऱ्यालाही ऐकून ठाऊक आहे, मग रुग्णालयांनीच बिचकावं का?

सुकवलेल्या हाडाचा सर्वांत मोठा फायदा माझ्यासारख्या गावाकडच्या सर्जनला. त्याला फ्रीज लागत नाही, लोडशेडिंगची भीती नाही. पाकीट ऑपरेशन थिएटरच्या कपाटात ठेवायचं, वापरण्याआधी सलाईनमध्ये भिजवायचं. ज्या महाविद्यालयात सुकवण्याची सोय लगेच होणार नाही, तिथे उणे ८० अंशाचा डीप फ्रीझर, त्याला जनरेटर आणि रजिस्टर सांभाळणारा तंत्रज्ञ, एवढ्यावरही सुरुवात होते; अशा थंडीत हाड पाच वर्षांपर्यंत टिकतं. यात रॉकेट उडवण्याएवढं काही नाही.

मग होत का नाही? एक कारण कागदाचं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊती आल्या, २०१४ मध्ये नियम आले, पेढीला नोंदणी लागते. ते योग्यच आहे. पण शस्त्रक्रियेत निघालेल्या आणि एरवी फेकल्या जाणाऱ्या हाडाची संमती कोणत्या नमुन्यात घ्यायची, दाता कुणाला म्हणायचं, याबद्दल अधिष्ठात्यांपासून क्लार्कपर्यंत सगळे कचरतात. फाइल टेबलावरून टेबलावर जाते आणि बॉल भट्टीत जातो. आपल्या खात्याने सार्वजनिक आरोग्य आणि विधी विभागाशी बोलून एक स्पष्ट परिपत्रक काढावं, संमतीचा मराठी नमुना सोबत जोडावा. अवयवदानाच्या समन्वयाची केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेतच. त्याच चार शहरांतल्या शासकीय महाविद्यालयांपासून सुरुवात करावी. तंत्रज्ञांना टाटाच्या टिश्यू बँकेत प्रशिक्षणाला पाठवावं. आणि जनआरोग्य योजनेत पेढीतून आलेल्या हाडाच्या प्रक्रियेचा खर्च वेगळा दाखवता यावा, नाहीतर पेढ्या उभ्या राहतील आणि पाकिटं पडून राहतील.

दुसरं कारण आम्ही सर्जन. "दुसऱ्याचं हाड" म्हटलं की आमच्यातलेही काही नाक मुरडतात. काही हरकती खऱ्या आहेत, त्या सांगायलाच हव्यात. पेढीतल्या हाडात जिवंत पेशी नसतात. ते मुरायला वेळ लागतो. गॅमा किरणांनी त्याची ताकद थोडी उतरते, त्यामुळे पोकळी भरायला ते चांगलं, वजन पेलायला नाही. म्हाताऱ्या माणसाचा ठिसूळ बॉल तरुणाच्या हाडाइतका दणकट नसतो. आणि पू झालेल्या जागी ते घालणं म्हणजे संकटाला आमंत्रण. नडगीचा मोठा तुकडा गेलेला असेल तर आजही सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांच्या, पायाभोवती बाहेरून बसवायच्या रिंगाच लावतो आणि दिवसाला एक मिलिमीटर या गतीने हाड वाढवत नेतो. किंवा फ्रेंच सर्जन मास्कले यांच्या पद्धतीने आधी बोन सिमेंटचा ठोकळा ठेवतो, सहा-आठ आठवड्यांनी त्याच्याभोवती आवरण तयार झालं की ठोकळा काढून त्या पिशवीत हाड भरतो. पण ती पिशवी भरायला एका कमरेतलं हाड पुरत नाही. तिथे स्वतःच्या हाडात पेढीतला चुरा मिसळला तर दुसऱ्या बाजूचा छेद वाचतो.

नव्या साहित्याबद्दल एक वेगळी मागणी आहे. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं. हे घडवून आणणाऱ्या प्रथिनांपैकी एक, बीएमपी-२, अमेरिकेत २००२ मध्ये मणक्यासाठी मंजूर झालं आणि पाहता पाहता नको तिथेही वापरलं जाऊ लागलं. २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला, कारण मानेच्या शस्त्रक्रियेत ते वापरल्यावर सूज येऊन पेशंटचा श्वास कोंडत होता. उद्या हांगझोऊचा डिंक आपल्याकडे येईल तेव्हा तो कुणाच्या हाडात गेला, वर्षभराने त्या हाडाचं काय झालं, हे आपल्याला कळायला हवं. केंद्राने २०१५ मध्ये वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम सुरू केला. आपल्या महाविद्यालयांतल्या प्रत्येक ऑर्थो विभागाला त्यात नोंदी पाठवणं सक्तीचं करावं. हाडं भरण्याचं सगळं साहित्य, देशी असो वा परदेशी, बाटलीतलं असो वा पेढीतलं, एका रजिस्टरमध्ये यावं. एमडी-एमएसच्या मुलांना प्रबंधासाठी विषय मिळत नाहीत म्हणून ती तेच ते विषय उगाळतात; हे रजिस्टर त्यांच्या हाती द्या. आयआयटी मुंबईचं बेटिक केंद्र, नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी यांनी वैद्यकीय साधनांवर एकत्र काम केलं आहे, तेही राज्य सरकारच्याच विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशाच्या बळावर. त्यांना आणि ऑर्थो विभागांना एका टेबलावर बसवायला फार खर्च येणार नाही.

मेंदूमृत दात्यांकडून हाडं घेण्याचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला आहे. मूत्रपिंड, यकृत द्यायला तयार झालेलं घर हाडांचं नाव काढताच गप्प होतं. देह अंत्यविधीला पूर्ववत आकारात मिळेल ना, ही त्यांची शंका रास्त आहे. त्याला उत्तर आहे, हाडाच्या जागी आधार घालून शिवता येतं, पण तो विश्वास कमवायला वेळ लागेल. खुब्याच्या बॉलला हा प्रश्नच नाही. तो देणारा माणूस जिवंत असतो, शुद्धीवर असतो, आणि विचारलं तर बहुधा "घ्या की, मला काय करायचाय" असंच म्हणेल.

येत्या अर्थसंकल्पात चार फ्रीझर, त्यांचे जनरेटर, आठ तंत्रज्ञांची पदं आणि सुकवण्याच्या एका यंत्रासाठी तरतूद करावी, आणि परिपत्रकाला त्याची वाट पाहायला लावू नये, ही विनंती.

आपला,
जिल्ह्याच्या ठिकाणचा एक अस्थिरोगतज्ज्ञ

प्रत : मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य