कामगार मंत्र्यांना खुले पत्र : ती ‘व्यवस्थापकीय’ यादी एकदा तपासून पाहावी

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

पुण्यातील माहिती तंत्रज्ञान आणि वित्तसेवा क्षेत्रातील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत मी बरीच वर्षे काम करत आहे. कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य हा विषय आमच्याकडे आता नवा राहिलेला नाही. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त व्याख्यान होते, योगदिनाला चटया अंथरल्या जातात, लिफ्टशेजारी समुपदेशनाच्या हेल्पलाइनचा क्रमांक लावलेला असतो. हे करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, यातली बरीच कामे मीही मनापासून केली आहेत. पण माणसे ज्या कारणाने खचतात ते कारण या उपक्रमांच्या कक्षेबाहेरच राहते, आणि ते आपल्या खात्याच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. ते कारण म्हणजे कामाचे न मोजलेले तास, आणि कोणाचे तास मोजायचे नाहीत हे ठरवणारी एक यादी.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017 हा कायदा कामाच्या तासांना मर्यादा घालतो, आठवड्याला 48 तासांची कमाल सांगतो आणि त्यापुढच्या कामासाठी दुप्पट दराने मोबदला द्यायला लावतो. मात्र गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांवरील व्यक्तींना हाच कायदा लागू होत नाही. अशा व्यक्तींची यादी आस्थापनेने आपल्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात ठळक जागी लावावी आणि तिची प्रत सुविधाकाराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तपासणी अधिकाऱ्याकडे, पाठवावी, अशीही तरतूद कायद्यातच आहे. म्हणजे ही यादी आपल्या खात्याला मागता येते, वाचता येते, आणि तिच्यावर प्रश्नही विचारता येतात.

ते प्रश्न विचारले जावेत अशी माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे. आमच्या क्षेत्रात महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा दोन-तीन वर्षांत ‘असिस्टंट मॅनेजर’ होतो. बँकेच्या शाखेत कर्ज आणि विमा विकणाऱ्या मुलीच्या ओळखपत्रावर ‘रिलेशनशिप मॅनेजर’ लिहिलेले असते. यांपैकी अनेकांच्या हाताखाली एकही माणूस नसतो. कोणाला कामावर घेण्याचा, कोणाची रजा मंजूर करण्याचा, शंभर रुपयांच्या खर्चावर सही करण्याचाही अधिकार त्यांना नसतो. स्वतःची अर्ध्या दिवसाची रजा मागताना त्यांना तीन जणांना ईमेल करावा लागतो. आपल्याकडच्या न्यायालयांनी कामगार कायद्यांचा अर्थ लावताना वारंवार हे म्हटले आहे की पदाचे नाव महत्त्वाचे नसून प्रत्यक्ष काम कोणत्या स्वरूपाचे आहे ते पाहावे. तरीही नावात ‘मॅनेजर’ आले की तास मोजण्याची जबाबदारी संपली, असा समज आमच्या क्षेत्रात इतका रुजला आहे की ज्यांना कायद्याचे संरक्षण आहे त्यांनाही ते आहे हे ठाऊक नसते.

आमच्याकडची टाइमशीट आपण पाहिली नसेल, तर एकदा जरूर मागवून पाहावी. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाने आपले तास प्रकल्पानुसार भरायचे असतात, कारण ग्राहकाला जाणारे बिल त्यावरून तयार होते. करारात दिवसाचे आठ तास ठरले असतील, तर रकान्यात आठच भरायचे असतात. एखाद्याने प्रामाणिकपणे साडेअकरा भरले, की टीम लीडचा फोन येतो, ‘हे मंजूर होणार नाही, दुरुस्त करून पुन्हा पाठव.’ तो आठ भरून पाठवतो. अशा रीतीने ज्या साडेतीन तासांचा पगार नाही, ओव्हरटाइम नाही आणि बिलही नाही, ते तास कोणत्याच कागदावर राहत नाहीत. पुढच्या प्रकल्पाचे वेळापत्रक आखताना याच टाइमशीट आधाराला घेतल्या जातात, त्यामुळे आठ तासांत न होणारे काम आठ तासांत झाले होते असे कागद सांगतात आणि त्याच हिशोबाने माणसे दिली जातात. प्रवेशद्वारावरच्या कार्डाच्या नोंदी आणि लॅपटॉपच्या लॉगिनच्या नोंदी मात्र शिल्लक असतात. कोणत्याही एका महिन्याच्या या दोन नोंदी टाइमशीटशेजारी ठेवल्या, तर कुठल्या विभागात काय चालले आहे हे आपल्या अधिकाऱ्याला एका दुपारी कळेल. तपासणीला जाताना हजेरीपटाबरोबर या नोंदीही मागवाव्यात, एवढा साधा आदेश आपण काढू शकता.

जुलै 2024 मध्ये पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण कंपनीत चारच महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या 26 वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या भारतातील अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कंपनीने कामाच्या ताणाचा या मृत्यूशी संबंध मान्य केला नाही, आणि वैद्यकीय कारणाबद्दल बोलण्याचा अधिकार मलाही नाही. पण त्यानंतर आपल्याच खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले तेव्हा जे समोर आले ते विसरता येणार नाही: 2007 पासून सुरू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. इतक्या वर्षांत ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही आणि ती उघड व्हायला एका आईला पत्र लिहावे लागले, याची मला फार खंत वाटते. नोंदणी झालेल्या कार्यालयांतसुद्धा यादी आणि तास कोण तपासते, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले बदल मला चिंताजनक वाटतात. दुकाने आणि कार्यालयांत दिवसाचे कमाल तास नऊवरून दहा झाले, तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा 125 तासांवरून 144 तासांवर गेली, आणि हा कायदा आता दहाऐवजी वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होणार. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे आणि ओव्हरटाइमचा मोबदला दुप्पटच मिळेल, असे उत्तर यावर दिले जाते. जिथे तासांची नोंद खरी असते तिथे या उत्तराला अर्थ आहे. जिथे रकान्यात आठच भरायचे असतात, तिथे दुप्पट मोबदल्याची तरतूद कधी वापरलीच जात नाही आणि वाढलेली मर्यादा मात्र लगेच वापरली जाते. सीएच्या कार्यालयात, दवाखान्यात, छोट्या एजन्सीत बारा-पंधरा माणसे एकाच मालकाच्या नजरेखाली काम करतात, ती तर आता कायद्याच्या बाहेरच पडली. वीस माणसांची ही अट मागे घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

तासांवर मी इतका भर का देत आहे, असे कोणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली मिळून केलेल्या अभ्यासात आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के अधिक असल्याचे दिसले. याच दोन संस्थांच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकार यांच्यामुळे जगात दरवर्षी 1,200 कोटी कामाचे दिवस वाया जातात. हे मोठे आकडे झाले. कार्यालयात बसून मला जे दिसते ते असे, की तासांना शेवट नसला की माणसाच्या मनातून ‘नाही’ म्हणण्याची सोयच निघून जाते. साडेसहाला उठून गेलेल्या मुलीला कोणी काही बोलत नाही, पण पुढच्या मूल्यमापनात तिच्या नावापुढे ‘जबाबदारी घेण्यात कमी पडते’ असे येते. ते वाचून बाकीचे नऊपर्यंत बसू लागतात. कामाच्या ठिकाणची संस्कृती म्हणतात ती अशी घडते, आणि वरिष्ठांच्या एका भाषणाने किंवा एका शिबिराने ती बदलत नाही. कायद्याने घातलेली मर्यादा खरोखर पाळली जाते हे दिसले, तर साडेसहाला उठणाऱ्या मुलीच्या बाजूने निदान एक नियम तरी उभा राहतो.

हे राज्यात घडू शकते याचे एक उदाहरण सरकारच्याच घरातले आहे. मे 2016 मध्ये मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा त्याच ठाण्यातल्या एका पोलीस कर्मचाऱ्याने केला होता, आणि पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांतही नेण्यात आला. मनुष्यबळ तुटपुंजे असलेल्या आणि कधीही बोलावणे येऊ शकणाऱ्या खात्यात पाळ्यांचा असा विचार होऊ शकतो, तर वातानुकूलित कार्यालयात तो अशक्य आहे असे मी तरी मानत नाही.

समुपदेशनाबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. कंपनीने नेमलेल्या समुपदेशकाकडे जाण्याआधी कर्मचारी आम्हाला जवळजवळ हमखास एकच प्रश्न विचारतात: ‘हे माझ्या मॅनेजरला कळेल का?’ रजेच्या अर्जात लोक व्हायरल ताप लिहितात, पाठदुखी लिहितात. झोप लागत नाही, सकाळी उठावेसे वाटत नाही, असे लिहिलेला अर्ज मी क्वचितच पाहिला आहे. नोकरी सोडताना भरायच्या फॉर्मवर कारणांची यादी असते आणि बहुतेक जण ‘वैयक्तिक’ यावर खूण करून मोकळे होतात, त्यामुळे एकाच वरिष्ठाच्या हाताखालून एका वर्षात सात जण गेले तरी कागदोपत्री ती सात वेगवेगळी वैयक्तिक कारणे असतात. जपानने यावर एक उपाय केला आहे. डिसेंबर 2015 पासून तिथे 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना वर्षातून एकदा मानसिक ताणाची चाचणी उपलब्ध करून द्यावी लागते. तिचा निकाल थेट कर्मचाऱ्याला मिळतो, त्याच्या संमतीशिवाय मालकाला तो पाहता येत नाही, आणि विभागवार एकत्रित चित्र मात्र मालकासमोर ठेवता येते. अतिकामाने येणारा मृत्यू हे ज्या समाजाला सार्वजनिक संकट म्हणून मान्य करावे लागले, त्या समाजाने हे केले आहे. महाराष्ट्राने तितकी किंमत मोजण्याआधीच अशी चाचणी आणि तिची गोपनीयता नियमांत आणावी.

मानसिक आजारावरील उपचारांसाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळावा, असे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण कंपन्यांचा गट विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतो आणि महिन्याला दोन-तीनदा लागणाऱ्या समुपदेशनाचा खर्च कर्मचाऱ्यालाच सोसावा लागतो. आपल्या कामगार कल्याण मंडळाची केंद्रे राज्यभर आहेत आणि त्यासाठीचा निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून आम्हीच कापून भरतो. त्या केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक बसवले, तर कंपनीला कळण्याची भीती नसलेली एक जागा लोकांना मिळेल. केंद्र सरकारची 14416 ही टेलिमानस सेवा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची फोनवरची मदत, मोफत आहे, तिचा क्रमांक प्रत्येक आस्थापनेत लावण्याची सक्तीही लगेच करता येईल.

कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचे खासगी विधेयक बारामतीच्या खासदारांनी लोकसभेत मांडले होते, ते कायदा झाले नाही. फ्रान्समध्ये असा हक्क 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून आहे. याच मुंबईत 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीसाठी कामगारांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या. आज रविवारी रात्री नऊ वाजता ‘उद्या सकाळी ग्राहक येणार आहेत, एकदा पाहून ठेव’ असा संदेश येतो आणि संदेश पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्यावर उत्तर न देण्याची कोणाची हिंमत होत नाही. दिल्लीतले विधेयक केव्हा मार्गी लागेल हे आपल्या हाती नाही, पण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पाठवलेला कामाचा आदेश हे कामच आहे आणि तो वेळ तासांत धरला जाईल, एवढे स्पष्टीकरण राज्याच्या नियमांत घालणे आपल्या हाती आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागत नाही. पुणे, मुंबई, ठाणे आणि नागपूर येथील मोठ्या आस्थापनांनी सादर केलेल्या व्यवस्थापकीय पदांच्या याद्या मागवाव्यात, ज्यांनी त्या दिलेल्याच नाहीत त्यांची नावे विधिमंडळाच्या पटलावर ठेवावीत, आणि ज्या याद्यांत निम्मे कर्मचारी मॅनेजर ठरवले आहेत तिथून तपासणीला सुरुवात करावी. कोणत्या नोंदी मागवाव्यात आणि त्या कशा वाचाव्यात हे समजावून सांगण्यासाठी आपल्या अधिकाऱ्यांसोबत बसायला माझ्यासारखे या क्षेत्रातले लोक तयार आहेत. आपण वेळ कळवावी.

आपली विश्वासू,
मनुष्यबळ विभागात काम करणारी एक पुणेकर