तुमच्या ‘नाही’बद्दल आणि त्यानंतरच्या केकबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेकीच्या सातव्या वाढदिवसाचा केक तुम्ही करून दिलात, त्याला आता तीन आठवडे झाले. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, परंतु घर पाहुण्यांनी भरलेले होते, मुलांचा गलका चालू होता आणि माझा गळा दाटून आला होता. त्यामुळे ‘छान झाला केक’ यापलीकडे माझ्या तोंडून काही निघाले नाही. जे सांगायचे राहिले ते या पत्रात लिहिते आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच की गहू न चालणारी मुले आपल्या सोलापुरात इतर घरांतही आहेत आणि घरच्या घरी केक करणाऱ्या अनेक जणीही आहेत. त्या दोघांनाही तुमच्या कामातून काही घेता येईल. तुमचे नाव मात्र लिहीत नाही. असा केक नीट करायचा तर महिन्याकाठी एकच जमतो, असे तुम्ही म्हणाला होतात, आणि तुमच्या दारात रांग लावण्याची माझी इच्छा नाही.

लेकीला सिलिॲक हा आजार असल्याचे ती चार वर्षांची असताना कळले. पोट फुगलेले, हातापायाच्या काड्या, रक्त कमी आणि वजनाचा काटा वर्षभर जागचा हलत नाही, अशी तिची अवस्था होती. रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला गेला, आणि डॉक्टरांनी सांगितले की गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे तिच्या लहान आतड्याचे अस्तर झडते, त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. यावर औषध नाही; गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर पूर्णपणे बंद ठेवणे हाच उपाय. चपाती बंद झाली याचे मला फारसे काही वाटले नाही, कारण आमचे घर भाकरीचे. अवघड गेले ते ‘पूर्णपणे’ या शब्दाचा अर्थ समजून घेणे. गिरणीत आधी कुणाचा गहू दळला असेल तर आपल्या ज्वारीच्या पिठात तो उतरतो, बाजारातल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, चपातीच्या पोळपाटावर थापलेली भाकरीसुद्धा तिला चालत नाही, हे सगळे आम्ही एकेक चूक करत शिकलो. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीही घालायचा नाही असे ठरवले.

या सगळ्यात तिचा एक स्टीलचा डबा तयार झाला. कुणाच्याही वाढदिवसाला जाताना त्यात राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की असते. इतर मुले केक खातात तेव्हा ती कोपऱ्यात बसून आपला डबा उघडते. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, आणि तेच मला सर्वांत जास्त लागत असे.

पाचव्या वाढदिवसाला मी एका दुकानात सगळे समजावून सांगून केक मागवला होता. ‘हो, हो, मैदा नाही घालणार, काळजी करू नका,’ असे मला सांगण्यात आले. त्यांनी शब्द पाळला आणि मैद्याऐवजी रवा घातला. रवा हाही गव्हाचाच, हे त्यांच्या लक्षात आले नाही आणि मीही विचारले नाही. त्या रात्री लेकीला तीन वेळा उलटी झाली आणि पुढचे आठ दिवस तिचे पोट दुखत राहिले. त्यानंतरचा वाढदिवस आम्ही शिऱ्यासारख्या शिजवलेल्या वरीच्या गोडावर भागवला.

म्हणूनच, ताई, माझे पहिले आभार तुमच्या नकाराबद्दल आहेत. नोव्हेंबरात मी फोन केला तेव्हा सगळे ऐकून घेऊन तुम्ही म्हणालात, ‘नाही हो, मला हे जमणार नाही. माझ्या ओट्यावर रोज मैदा असतो, तो हवेत उडतो, चाळणीत असतो, माझ्या ॲप्रनवर असतो. तुमच्या मुलीला त्रास झाला तर मी स्वतःला काय उत्तर देऊ?’ तीन वर्षांत इतके नेमके उत्तर मला कुणीही दिले नव्हते. फोन ठेवताना मी निराश झाले होते हे खरे, पण धोका कुठे असतो हे जिला न सांगता कळते अशी एक बाई या गावात आहे, हेही त्याच वेळी माझ्या मनाने टिपून ठेवले.

चौथ्या दिवशी तुमचाच फोन आला आणि तुम्ही मला तीन प्रश्न विचारलेत: पीठ कुठे दळता, घरात हिंग कोणता वापरता, आणि घरात अंडे चालते का. हिंगाबद्दल विचारणारी बाहेरची पहिली व्यक्ती तुम्हीच. आमच्या सासूबाई अंडे खात नाहीत आणि नातीचा केक आजीने खायचा नाही असे आमच्याकडे होणे शक्य नव्हते. म्हणजे मैदाही नाही आणि अंडेही नाही, असा हा केक करायचा होता. तुम्ही क्षणभर थांबून म्हणालात, ‘मग ज्वारीचाच करून बघू. आधी माझ्या समाधानापुरता करते, जमला तर तुम्हाला सांगते.’

तुमच्या स्वयंपाकघरात पुढच्या दीड महिन्यात जे झाले त्यातले थोडे मी डोळ्यांनी पाहिले आणि ते मला सविस्तर लिहावेसे वाटते. पहिला केक साच्यातून काढताच त्याचा भुगा झाला. गव्हाच्या पिठात ग्लूटेनची जाळी तयार होते, ती फुगणारी हवा धरून ठेवते. ज्वारीत ती जाळीच नाही. दुसरा केक उभा राहिला, पण जिभेला खरखरीत लागला. तिसऱ्या खेपेला तुम्ही आमच्या घरघंटीवरचे पीठ धुतलेल्या जुन्या मलमलीतून वस्त्रगाळ केलेत, त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याची उकळत्या दुधात उकड काढलीत आणि ती गार झाल्यावर उरलेल्या पिठात, दह्यात आणि लोण्यात मिसळलीत. अंड्याच्या जागी जवस (अळशी) आला. कुटलेला जवस पाण्यात भिजवून ठेवल्यावर त्याचा बुळबुळीत लगदा झाला, तोच पीठ बांधून ठेवू लागला. मिश्रण भट्टीत घालण्यापूर्वी अर्धा तास तसेच झाकून ठेवलेत, म्हणजे पीठ पाणी पिते आणि रवाळपणा जातो. मी विचारले, ही उकडीची युक्ती कुठे शिकलात? तुम्ही म्हणालात, ‘कुठे शिकायची? पिठाची विरी (चिकटपणा) गेली की माझी आई आधणाच्या पाण्यात पीठ मळायची, मग भाकरी तुटत नसे. केकला का चालू नये?’

तो तिसरा केक गार होईपर्यंत आपण ओट्याशी उभ्या राहून बोलत होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा याच आजाराची मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, हे विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आले होते, ही हकिगत मी तुम्हाला सांगितली. तुम्ही सुरीने केकचा काठ कापून मला दिलात आणि म्हणालात, ‘तिकडे उपासमारीत जे कळलं, ते आपल्याकडे रोज ताटात होतं बघा.’ मंगळवेढ्याच्या ज्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिची भाकरी मी जन्मभर खात आले आहे. पण लेकीच्या आजारात मी ती ‘चालणारी वस्तू’ म्हणूनच पाहत होते. कोको घातलेल्या त्या काठाचा घास मऊ होता, ओलसर होता, आणि शेवटी जिभेवर भाजलेल्या भाकरीची पुसटशी गोडी रेंगाळत होती.

आता केकच्या देखाव्याबद्दल. लेकीला परी नको होती, मोटारही नको होती. तिला गड्डा, म्हणजे आपली सोलापूरची यात्रेतली जत्रा, हवा होता. सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांतच तिचा वाढदिवस येतो, होम मैदानावरचा आकाशपाळणा हे तिचे वर्षभराचे स्वप्न असते, आणि यात्रेतही भजी, जिलेबी, कांदापोहे यांपैकी कशालाही हात लावता येत नसल्यामुळे ती डोळ्यांनीच गड्डा खात असते. तिने तुम्हाला चित्र काढून पाठवले होते. त्यात पाळणा होता, फुगेवाला होता, दुकाने होती आणि मधोमध यात्रेत मिरवले जाणारे पवित्र नंदीध्वज होते. तुम्ही तिला फोनवर बोलावून घेतलेत आणि समजावलेत की बाकी सगळे करू, पण नंदीध्वजांना आपण हात जोडतो, त्यांच्यावर सुरी कशी चालवायची? ती विचार करून ‘मग ते देवळात गेले असं समजू’ म्हणाली आणि प्रश्न सुटला. हा विचार माझ्या मनात आला नव्हता, सासूबाईंच्या आला होता आणि त्या बोलल्या नव्हत्या. तुम्ही न सांगता तो सांभाळलात.

केकवरची माती दाखवायला साधारणपणे बिस्किटांचा चुरा वापरतात. तो चालणार नव्हता, म्हणून होम मैदानाची जमीन तुम्ही भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटाची केलीत. त्याआधी येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन करून शेंगा चालतात ना, हे विचारून घ्यायला मला सांगितलेत. दुकानांच्या भिंतींना वेफर बिस्किटे लावायची सोय नव्हती, म्हणून त्या साखरेच्या लगद्याच्या लाटून वाळवल्यात. आकाशपाळण्याचे आठ पाळणे बोटाच्या पेराएवढे होते आणि प्रत्येकात तिळाएवढ्या डोळ्यांची दोन माणसे बसलेली होती. एका पाळण्यात काठापदराचे लुगडे नेसलेली आजी आणि दोन वेण्यांची मुलगी होती. सासूबाईंनी चष्मा लावून ती बघितली आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

केक भाजण्याच्या आदल्या दिवसापासून तुम्ही दुसरी एकही ऑर्डर घेतली नाहीत, हे मला तुमच्या मुलाकडून कळले, तुमच्याकडून नाही. ओटा, फरशी, भट्टीचे दार आणि मिक्सरची खाच ओल्या फडक्याने पुसून झाली होती. जुन्या साच्यांवरच्या चरांत पीठ अडकते म्हणून नवे साचे, नवी चाळणी आणि नवा उलथना आणला होता. साच्यांना आतून मैदा भुरभुरवण्याऐवजी कोको लावला होता. बेकिंग पावडर आणि पिठीसाखरेची पाकिटे मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचून निवडली होती. एवढे करूनही केकच्या खोक्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहायला तुम्ही नकार दिलात. कायद्याने त्या शब्दाला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावे अशी मर्यादा आहे आणि माझा केक प्रयोगशाळेत तपासलेला नाही, तेव्हा तो शब्द मला वापरता येणार नाही, असे म्हणून तुम्ही एका कागदावर काय काय घातले, कशात भाजले आणि काय काय पुसले ते सर्व स्वच्छ अक्षरात लिहून दिलेत. तो कागद मी तिच्या औषधांच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे. तो वाचून मगच आम्ही दोघांनी ठरवले की तिला हा केक द्यायचा.

वाढदिवसाच्या संध्याकाळी मेणबत्त्या विझवून झाल्या, टाळ्या झाल्या, आणि सुरी हातात घेण्याआधी लेकीने सवयीने माझ्याकडे वळून विचारले, ‘आई, माझा डबा कुठंय?’ मी म्हटले, आज डबा भरलाच नाही. ती माझ्याकडे, मग केककडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिली. ‘म्हणजे हाच खायचा? सगळ्यांचाच?’ असे तिने इतक्या हळू विचारले की शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीलाही ऐकू गेले नसेल. मग तिने कापलेला पहिला तुकडा स्वतः खाल्ला नाही, आजीला भरवला. सासूबाई तो घोळवत घोळवत खाऊन म्हणाल्या, ‘अगं, हे तर आपल्या जोंधळ्याचंच पीठ!’ तेव्हा कुठे इतर मुलांना कळले, आणि तोवर त्यांतल्या तिघांनी दुसऱ्यांदा बशी पुढे केली होती. रात्री मी तिच्या पोटावर हात ठेवून जागी राहिले. ती सकाळपर्यंत शांत झोपली. पुढच्या आठवड्यातही काही झाले नाही.

तुम्ही केकचे जे पैसे सांगितलेत त्यात दीड महिन्याचे प्रयोग नव्हते, सोडून दिलेल्या ऑर्डरी नव्हत्या आणि नव्या साच्यांचे पैसेही नव्हते. मी वरचे पैसे देऊ लागले तेव्हा तुम्ही ते परत केलेत आणि साचे, चाळणी, उलथना एका मोठ्या डब्यात घालून, झाकणावर लेकीचे नाव लिहून तो डबा माळ्यावर ठेवलात. आणखी कुणा गहू न चालणाऱ्या मुलाला लागला तर तोच डबा काढायचा, असे आपले ठरले आहे.

मालदांडीची नवी ज्वारी आता निघू लागेल. माझ्या माहेरच्या शेतातली एक पायली तुमच्यासाठी बाजूला काढायला सांगितली आहे. ती मी स्वतः निवडून, आमच्या घरघंटीवर दळून, ताजे पीठ घेऊन येते. बरोबर लेकही येईल. तिला ती आठ पाळण्यांची चाके कशी उभी राहिली ते तुमच्या तोंडून ऐकायचे आहे, आणि पाळण्यातली ती लुगड्यातली आजी तिने खाल्लेली नाही, काचेच्या बरणीत जपून ठेवली आहे, हे तिला तुम्हाला स्वतः सांगायचे आहे.

तुमची कृतज्ञ,
एक आई
सोलापूर