बंद पडलेल्या एजंटाला हिरवा दिवा दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

विषय : व्यवस्थापित कुबर्नेटीस क्लस्टरवरील आपला सिंथेटिक मॉनिटरिंग एजंट (संकेतस्थळ आपोआप तपासणारा प्रोग्रॅम), त्याचा खोटा हिरवा दिवा आणि १२ जूनचे दूरध्वनी संभाषण

महोदय,

काल आपल्या मदत कक्षाशी झालेले सत्तेचाळीस मिनिटांचे संभाषण या प्रकरणातले आठवे होते आणि माझ्या बाजूने ते शेवटचे आहे. यापुढे जे काही असेल ते लेखी असावे, म्हणून हे पत्र. आपले उत्पादन काय करते हे आपणांस समजावण्याची गरज नाही असे मी गृहीत धरतो. मदत कक्षाच्या बाबतीत तेच गृहीत धरले आणि ते महागात पडले.

आमची संस्था रत्नागिरी तालुक्यातील बागायतदारांच्या हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पोहोचवते. मार्च ते मे हे तीन महिने म्हणजे आमचे वर्ष. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात वीज गेली आणि कार्यालयातला सर्व्हर ऐन हंगामात बंद पडला, तेव्हा शहाणे होऊन आम्ही सगळा कारभार मुंबई रीजनमधल्या व्यवस्थापित क्लस्टरवर, म्हणजे पुरवठादाराच्या मुंबईतल्या डेटा सेंटरमधील संगणकांच्या समूहावर, हलवला. (हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.) आपला एजंट त्याच क्लस्टरमध्ये बसवायचा होता, कारण बागायतदार ज्या पानांवर पेट्यांची नोंद करतात ती पाने बाहेरच्या इंटरनेटवर उघडी नाहीत. एजंटाने दर पाच मिनिटांनी गिऱ्हाइकासारखी मागणी नोंदवून पाहावी आणि काही अडले तर गिऱ्हाइकाआधी ते आम्हाला कळावे, एवढीच अपेक्षा होती.

बसवतानाच पहिली ठेच लागली. आपल्या हेल्म चार्टमध्ये (एजंट क्लस्टरवर बसवण्याच्या सूचनांच्या संचात) पॉड सिक्युरिटी पॉलिसी ही जुनी सुरक्षा-व्यवस्था अजून शिल्लक होती. कुबर्नेटीसने ती ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या १.२५ आवृत्तीतून काढून टाकली, हे आपणांस माहीत असणारच. तरीही आम्हाला सल्ला मिळाला तो क्लस्टर १.२४ वर आणण्याचा. व्यवस्थापित क्लस्टरचे कंट्रोल प्लेन, म्हणजे त्याचा कारभार चालवणारा भाग, आमच्या हाती नसते, ते मागे नेता येत नाही, आणि पुरवठादार इतकी जुनी आवृत्ती देतही नाही. शेवटी चार्टमधला तो भाग मीच काढला. त्याबद्दल आता तक्रार राहिलेली नाही.

त्यानंतर रात्री-अपरात्री इशारे येऊ लागले. लॉगिनचे पान ठीक उघडायचे, पण हापूसच्या मोठमोठ्या छायाचित्रांचे मागणीचे पान उघडताना एजंटामधला क्रोम ब्राउझर मध्येच मरायचा, आणि प्रत्यक्षात पान उत्तम चालू असताना मला पहाटे साडेतीनला संकेतस्थळ बंद असल्याचा संदेश मिळायचा. अकरा रात्री असे झाल्यावर मी स्वतः मुळाशी गेलो. कंटेनरला, म्हणजे एजंट ज्या बंदिस्त कप्प्यात चालतो त्याला, शेअर्ड मेमरी (प्रोग्रॅमच्या भागांनी मिळून वापरायची मेमरी) मुळात ६४ एमबी इतकीच मिळते, क्रोमला ती जड पानांसाठी पुरत नाही आणि त्याकरिता मेमरीवर आधारलेला वेगळा व्हॉल्यूम (साठवणीची जागा) जोडावा लागतो, ही कंटेनरमध्ये ब्राउझर चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट आहे. ती आपल्या स्थापना पुस्तिकेत नाही. मी व्हॉल्यूम जोडला. तेव्हा कळले की तो व्हॉल्यूम जितका भरेल तितकी मेमरी कंटेनरच्याच मर्यादेत मोजली जाते, आणि पुस्तिकेने सुचवलेली मर्यादा ५१२ एमबी आहे. परिणामी ब्राउझरऐवजी आता अख्खा एजंट मरू लागला. एक्झिट कोड १३७ (प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद केल्याची खूण), मग क्रॅशलूप बॅकऑफ, म्हणजे पाच मिनिटे थांबून पुन्हा सुरू होणे आणि पुन्हा मरणे. तीन दिवसांत तो ६१२ वेळा मेला.

मेला याबद्दल माझे म्हणणे नाही. सॉफ्टवेअर मरते. माझी तक्रार अशी की तो मेलेला असताना आपला डॅशबोर्ड हिरवा होता.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी ८.१० ते ९.०२ आमची पैसे भरण्याची पायरी खरोखरच बंद होती. चूक आमचीच होती. रात्री केलेला एक बदल अंगलट आला. ही चूक पाच मिनिटांत कळावी म्हणूनच आपणांस पैसे दिले जातात. ती कळली दादरच्या एका काकूंच्या फोनमुळे, ज्यांनी तीनदा प्रयत्न करून झाल्यावर अत्यंत सभ्यपणे विचारले, “अहो, तुम्हाला आंबे विकायचे आहेत ना?” त्या वेळी आपल्या डॅशबोर्डवर तिन्ही तपासण्या हिरव्या होत्या, कारण एजंटाकडून निकाल आलाच नाही तर आपली प्रणाली आधीचा चांगला निकाल दाखवत राहते. त्याच संध्याकाळी आपला अहवाल आला, त्यात त्या दिवसाची उपलब्धता १०० टक्के होती. आमच्याकडे बागांना रात्री गुरखा ठेवतात. त्याला कधी झोप लागते, तो माणूस आहे. पण तो झोपलेला असताना ‘सर्व ठीक’ अशी नोंद वहीत आपोआप होत राहील, अशी व्यवस्था कोणत्याही बागायतदाराला अजून सुचलेली नाही.

मर्यादा २ जीबी केल्यावर एजंट मे महिनाभर चालला, हे नमूद करणे न्यायाचे आहे.

मग १० जून. क्लस्टरच्या पुरवठादाराने नेहमीप्रमाणे नोड (क्लस्टरमधले संगणक) नवे केले, जुन्या नोडवरचे पॉड (त्यांवर चालणारे प्रोग्रॅम) नव्या नोडवर गेले, आणि आपला एक सोडून बाकी सगळे पॉड दोन मिनिटांत उभे राहिले. आपल्या पॉडची इमेज, म्हणजे ज्या साच्यावरून तो सुरू होतो ती, नव्या नोडवर उतरेना. कारण चार्टमध्ये लिहिलेला इमेजचा टॅग (आवृत्तीची खूण) आपण आपल्या रजिस्ट्रीतून, म्हणजे इमेजच्या कोठारातून, काढून टाकला आहे. घटनांच्या नोंदीत हे स्वच्छ लिहून येते, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. डॅशबोर्ड अर्थातच हिरवा होता, आणि हे पत्र लिहीत असतानाही आहे.

आता १२ जूनचा फोन. एकवीस मिनिटे संगीत ऐकल्यानंतर प्रतिनिधी आले. मी घटनांची नोंद शब्दशः वाचून दाखवली. त्यांनी विचारले, “सर, तुमचं लोकेशन कुठलं?” मी रत्नागिरी म्हणालो. ते म्हणाले, “अच्छा, कोकण! मग तिकडे आता पाऊस सुरू झाला असेल ना सर?” मला वाटले, माणूस आपुलकीने विचारतो आहे. मी म्हटले, मृग लागला आहे, पाऊस आहे. तर ते म्हणाले, “तेच म्हणतो सर. लाईट जात असेल, नेट स्लो असेल, त्यामुळे एजंट खाली जात असेल.”

मी शांतपणे सांगितले की क्लस्टर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे. ते म्हणाले, “हो सर, पण ऑपरेट तुम्ही कोकणातून करताय ना?” मी सांगितले की मी येथे लॅपटॉप मिटून समुद्रात फेकला तरी त्या पॉडला कळणार नाही. ते म्हणाले, “एकदा पॉड रीस्टार्ट करून बघा सर.” ज्याची इमेजच उतरलेली नाही तो पॉड मुळात सुरूच झालेला नसतो, आणि जो सुरूच झालेला नाही तो पुन्हा सुरू कसा करावा, असे मी विचारले. यावर त्यांनी मला वरिष्ठांकडे सोपवले. वरिष्ठांनी पुन्हा लोकेशन विचारले. मी पुन्हा रत्नागिरी म्हणालो. त्यांनी पुन्हा पावसाची चौकशी केली! आणि शेवटी जे ऐकवले ते मी लिहून ठेवले आहे : “सर, आमच्याकडे तर डॅशबोर्डवर ग्रीन दिसतंय, म्हणजे तुमचा एजंट चालू आहे.” ज्या खोट्याबद्दल तक्रार करायला फोन केला, तेच खोटे मला पुरावा म्हणून दाखवण्यात आले. फोन ठेवल्यावर चार मिनिटांत ईमेल आला की तक्रार क्रमांक बंद करण्यात येत असून कारण ‘ग्राहकाच्या बाजूची नेटवर्क समस्या’ असे आहे.

महोदय, रत्नागिरीत वीज गेल्याने मुंबईतल्या नोडची मेमरी कमी होत नाही, आणि येथे पाऊस पडल्याने आपल्या रजिस्ट्रीतले टॅग वाहून जात नाहीत. जुलैत आमच्याकडे याहून पुष्कळ जास्त पाऊस असतो; तेव्हा आपली उत्पादने कशी टिकाव धरणार, याची मला काळजी वाटते. (हे वाक्य मी दोनदा खोडले होते. राहू द्यावे.)

आता पैशांचे. तीन तपासण्या दर पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ८६४ फेऱ्या. ज्या तीन दिवसांत एजंट ६१२ वेळा मेला आणि एकही निकाल पोहोचला नाही, त्या दिवसांच्या २,५९२ फेऱ्यांचे पूर्ण पैसे आपण लावले आहेत. ब्राउझर मरून फसलेल्या फेऱ्याही देयकात आहेत. १० जूनपासूनची मोजणीसुद्धा चालूच आहे. इमेज नसलेला एजंट दिवसाला ८६४ फेऱ्या मारतो, हे तंत्र आपण अन्य उत्पादनांतही वापरावे. या सर्व रकमेचा परतावा मला मिळावा, टॅग रजिस्ट्रीत परत यावा किंवा चार्ट सुधारावा, आणि निकाल न आल्यास डॅशबोर्डवर ‘निकाल नाही’ असेच दिसावे. तिसरी मागणी माझ्यासाठी परताव्यापेक्षा मोठी आहे, कारण हिरवा दिवा पाहून निर्धास्त बसलेले आपले अन्य ग्राहकही असतील आणि त्यांना दादरच्या काकू लाभलेल्या नसतील. पुस्तिकेत शेअर्ड मेमरीचा उल्लेख कराल तर तेही बरे होईल. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिचे कारण बदलावे, हा आग्रह मात्र मी सोडणार नाही. माझ्या नावापुढे पाऊस लिहिलेला मला चालणार नाही.

आपल्या कंपनीची शिफारस मी तालुक्यातल्या दोन बागायतदार संस्थांना केली होती, हे आता सांगताना मला लाज वाटते. त्या दोघांनाही या पत्राची प्रत देत आहे. दरम्यान त्याच क्लस्टरवर मी प्रोमेथिअस या देखरेखीच्या साधनाचा ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर बसवला आहे आणि ब्राउझरच्या तपासणीसाठी प्लेराइट या साधनाची छोटी स्क्रिप्ट क्रॉनजॉबवर (ठरल्या वेळी आपोआप चालण्यासाठी) लावली आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि निकाल आला नाही तर इशारा देण्याचा नियम मी एका ओळीत लिहिला. ३१ जुलैला आपला वार्षिक करार संपतो. तोपर्यंत लेखी उत्तर न आल्यास नूतनीकरण होणार नाही आणि बँकेला दिलेला स्वयंचलित भरण्याचा आदेश मी त्याआधीच रद्द करीन.

उत्तर ईमेलनेच द्यावे. फोन करू नये.

आपला,
तांत्रिक व्यवस्थापक,
रत्नागिरी

सोबत : पॉडच्या घटनांची नोंद, एप्रिल ते जूनची देयके, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीचा १०० टक्के उपलब्धतेचा अहवाल, आणि आज सकाळी घेतलेले हिरव्या डॅशबोर्डचे छायाचित्र.