डब्यावरचा मोठा आकडा आणि मागची बारीक अक्षरं

संपादक महोदय,

मुलाने जिमसाठी प्रोटीन पावडरचा डबा आणला, समोर ठळक ‘२४ ग्रॅम प्रोटीन’, म्हटलं बघू तरी मागे काय लिहिलंय, तर चष्मा लावूनही वाचता येईना एवढी बारीक अक्षरं! त्यात कळलं की ते व्हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली, कमी शुद्ध केलेली प्रोटीन पावडर आहे, म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) आलंच, आणि याला दूध पचत नाही, मग आठवडाभर पोट का फुगत होतं ते समजलं. तिच्याच जास्त शुद्ध प्रकारात, आयसोलेटमध्ये, लॅक्टोज बरंच कमी असतं, पण दुधाची ॲलर्जीच असेल तर तेही चालत नाही, हा फरक दुकानदार सांगत नाहीत. प्रोटीन म्हणून विकल्या जाणाऱ्या कोलॅजन पावडरचं तर विचारूच नका, ते प्राण्यांपासून येतं, शाकाहारी माणसाने काय करायचं, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो ॲसिडच (प्रोटीनचा घटक) नसतं, तरी ‘प्रोटीन’ म्हणून मिरवतं.

साध्या प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं, नियमित व्यायाम करणाऱ्याला १.४ ते २, त्यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. किडनीचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हातच लावू नये.

लॅक्टोज आणि ॲलर्जीची माहिती समोरच, त्या २४ च्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात छापायला काय हरकत आहे?

– एक वाचक