ताणाचे व्यायाम झटक्याने नकोत

महोदय,

शालेय क्रीडास्पर्धा जवळ आल्या की खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील शाळांच्या मैदानांवर भल्या सकाळी सराव सुरू होतो. तेथे पाठ घेण्यासाठी येणारे बी.पी.एड.चे (शारीरिक शिक्षणाच्या पदवीचे) विद्यार्थी कबड्डी, खो-खो मनापासून शिकवतात. परंतु स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम (स्ट्रेचिंग) मात्र शिट्टीच्या ठेक्यावर, झटके देत उरकले जातात, हे मला फार खटकते.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत आठवीतला मुलगा पाय लांब करून पुढे वाकत होता. बोटे अंगठ्याला टेकेनात, म्हणून मागच्या सोबत्याने त्याच्या पाठीवर दोन्ही तळहात ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. मुलगा ओरडलासुद्धा नाही. गुडघा वर घेऊन, मांडीची मागची बाजू दाबून धरत तो तसाच बसून राहिला. खो-खोचा तो हंगाम त्याच्या हातून गेला. मी दहा पावलांवर उभा होतो आणि वेळीच थांबवले नाही, याची रुखरुख अजून आहे.

स्नायू एकदम ओढला गेला की त्यातील संवेदक मज्जारज्जूला इशारा देतात आणि तोच स्नायू उलट आकसतो. म्हणजे जो सैल करायचा, तोच झटक्याने घट्ट होतो. म्हणून आधी 5 ते 10 मिनिटे हलके धावून अंग तापवावे (डिसेंबरातील बेळगावच्या थंडीत तर थोडे अधिकच), मग ओढ जाणवेल पण दुखणार नाही इतपतच वाकून, श्वास न कोंडता, 10 ते 30 सेकंद स्थिर राहावे. धावण्याच्या किंवा उडीच्या अगदी आधी मिनिटभराहून अधिक ताण धरून ठेवल्यास स्नायूची झेप काही काळ मंदावते. तेव्हा पाय झुलवणे, गुडघे उचलून चालणे असे हालते व्यायाम घ्यावेत आणि स्थिर ताण खेळानंतर द्यावा. शिवाय वाढीच्या वयात हाडे भराभर लांबतात आणि स्नायू मागे राहू शकतात, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांचे मूल ताठर वाटले तर त्याला आळशी ठरवून सर्वांसमोर बोलणे अन्यायाचे आहे.

हे सारे पाठ्यपुस्तकात असते. हातात मात्र उतरत नाही. म्हणून शारीरिक शिक्षण महाविद्यालयांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून केवळ ताणाच्या व्यायामांचा एक स्वतंत्र पाठ मार्गदर्शकांसमोर घ्यावा, त्याला प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत आणि आपल्या भागातील शाळांसाठी त्याच्या सूचना मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापून द्याव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव