कसब्याची पालथी ताटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मारकाची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, त्याच सुमारास त्यांच्यावरचा 'छावा' चित्रपटही आला, आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कसबा संगमेश्वरात गाड्यांची रीघ लागली. १ फेब्रुवारी १६८९ ला औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान याने महाराजांना इथेच पकडलं. ती जागा लोकांनी पाहायलाच हवी. पण शास्त्री पुलावरून आत वळलेली मंडळी आत्ताच्या जुन्या स्मारकापाशी फोटो काढतात, "इथे आणखी काय आहे?" म्हणून विचारतात आणि उत्तर संपायच्या आत गाडीत बसतात.

आणखी पुष्कळ आहे हो. सह्याद्रिखंड या पुराणग्रंथात या गावाला रामक्षेत्र म्हटलंय आणि इथली देवळं परशुरामाने बांधली असं सांगितलंय. दुसरी कथा कोल्हापूरकडून आलेल्या कर्ण नावाच्या चालुक्य राजाची. त्याने सातव्या शतकात इथे नगर वसवलं, कर्णेश्वराचं देऊळ त्याचंच, म्हणतात. कोरीवकाम मात्र त्यानंतर काही शतकांनी झालं असावं, असं जाणकारांचं मत. माझ्या आजीला यातलं काहीच मान्य नव्हतं. तिच्या मते देऊळ पांडवांनी एका रात्रीत उभं केलं. काम संपवून जेवायला बसले तोच फटफटलं, म्हणून ताटं पालथी टाकून निघून गेले. तिने मला ती ताटं दाखवली, फरशीतली. त्यावर तळवा ठेवला की उन्हाळ्यातही गार लागायचं. कर्णेश्वराच्या नावातला चालुक्य कर्ण आणि महाभारतातला कर्ण आमच्याकडे कधी एक झाले, देव जाणे.

कर्णेश्वराकडे निदान कुणाचं तरी लक्ष आहे. माझी तक्रार आहे ती रानात हरवलेल्या लहान देवळांबद्दल. गावात तीनशे साठ देवळं होती म्हणतात. आज किती उरली, विचारा, प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल. गेल्या मे महिन्यात एका देवळात वाकून शिरले. पक्ष्यांनी आणलेल्या बीचा पिंपळ शिखरावर वाढलेला, आणि त्याचं मनगटाएवढं मूळ दोन चिऱ्यांच्या सांध्यातून गाभाऱ्यात उतरलेलं. दुसऱ्या एका देवळात (कोणत्या ते लिहीत नाही, गावात राहायचं आहे) जीर्णोद्धार म्हणून द्वारपालाला गुलाबी ऑइलपेंट फासलाय आणि ट्यूबलाइटची खुंटी थेट त्याच्या मुकुटात ठोकलीय. श्रद्धेनेच केलं असणार, पण मुकुटाचा टवका उडाला तो उडालाच.

म्हणून एकच मागणी. नव्या स्मारकाचा पाया खणायच्या, रस्ता रुंद करायच्या आधी पुरातत्त्व खात्याने गावातलं एकेक देऊळ मोजावं, क्रमांक घालावा, नकाशावर टाकावं. पडकं जोतं असलं तरी सोडू नये. जेसीबीवाल्याला झाडीतलं जोतं आणि दगडांचा ढीग यांत फरक कसा कळणार? आणि पिंपळ कुणी हौसेने उपटायला जाऊ नये. मुळाबरोबर चिरेही येतात. ते काम जाणत्या माणसांनी मूळ मारून, सावकाश करायचं असतं.

मोजायला कुणी आलंच तर मार्च ते मे या काळात यावं. पावसात रान इतकं माजतं की कळसही दिसत नाही, वर जळवा. मी सत्तरीची आहे, पण कोयती घेऊन वाट दाखवायला येईन.

आपली नम्र,
एक वाचक, संगमेश्वर