किकुली परत वर का गेला

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस की शेर्पा म्हटलं की तेनझिंगच्या पुढे आपल्याला एक नाव का सुचत नाही, तेव्हा मी थातूरमातूर काहीतरी बोलून विषय बदलला, पण नंतर दोन रात्री तेच डोक्यात. म्हणून आज नीट लिहायला बसलोय. मला एका माणसाबद्दल तुला सांगायचंच आहे, पासांग किकुली.

जन्म 1911 चा, नेपाळचा. तेव्हा मोहिमांची भरती दार्जिलिंगला व्हायची, नेपाळ तर परक्यांना बंदच होता, त्यामुळे शेर्पा पोरं कामासाठी दार्जिलिंग गाठायची. हा विशीच्या आतच कांचनजंगाच्या मोहिमेवर, मग 1933 ला एव्हरेस्ट, आणि 1934 ला नंगा पर्बत. तिथे वादळात 3 जर्मन आणि 6 शेर्पा गेले, वरच्या कॅम्पांवरून जे थोडे खाली पोचले त्यात किकुली होता, फ्रॉस्टबाइट घेऊन. तरी 1936 ला तो नंदादेवीला, 1938 ला के2 ला, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर, शेर्पांचा सरदार म्हणून. सगळे साहेब लोक त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकायचे.

आता 1939. पुन्हा के2, अमेरिकन मोहीम, लीडर फ्रिट्झ वीसनर. वीसनर आणि पासांग दावा लामा हे दोघं शिखरापासून साधारण अडीचशे मीटरवर पोचले होते रे! संध्याकाळ व्हायला आलेली, पासांग दावाने पुढे जायला नकार दिला, आणि मला विचारशील तर त्याचं बरोबरच होतं. पुढे सगळंच बिघडत गेलं. खाली गैरसमज झाला की वरचे बहुतेक मेले, म्हणून मधल्या कॅम्पांवरच्या स्लीपिंग बॅगा खाली नेल्या. वीसनर उतरून येतो तर तंबू रिकामे. त्याच्याबरोबर डडली वुल्फ होता, श्रीमंत, धिप्पाड, चढाईचा अनुभव कमी, त्याला साधारण साडेसात हजार मीटरवर सातव्या कॅम्पला ठेवून बाकीचे दोघं कसेबसे बेस कॅम्पला पोचले. कोणाची चूक यावर पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली, पुस्तकं आली, मला त्यात पडायचं नाहीये.

मला 28 जुलै सांगायचाय. त्या दिवशी वुल्फला खाली आणायला किकुली आणि त्सेरिंग नावाचा दुसरा शेर्पा बेस कॅम्पवरून निघाले आणि संध्याकाळपर्यंत सहाव्या कॅम्पला पोचले. एका दिवसात 2,100 मीटर! आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1,646 मीटर, म्हणजे अख्खं कळसूबाई आणि वर अजून साडेचारशे, आणि सुरुवातच मुळी पाच हजार मीटरवरून. बारीवरून चढताना शिड्यांपाशी आपली काय हालत होते ते आठव आणि मग हे वाच.

दुसऱ्या दिवशी किकुली आणि फिन्सू, पासांग किटार हे आणखी दोन शेर्पा असे तिघं वुल्फपर्यंत पोचले. त्याच्याकडच्या काड्या संपलेल्या, म्हणजे कित्येक दिवस स्टोव्ह पेटला नव्हता, गरम पाणीसुद्धा नाही, तंबूत घाण झालेली. यांनी त्याला चहा करून पाजला, बाहेर काढला, उभं केलं, तर तो झोकांड्या खायला लागला. म्हणाला उद्या या, उद्या मी तयार असेन. यांच्याकडे स्लीपिंग बॅगा नव्हत्या, तिथे रात्र काढली असती तर चौघंही गेले असते, म्हणून तिघं सहाव्या कॅम्पला उतरले. 30 तारीख वादळात गेली.

31 ला तिघं परत निघाले. निघताना त्यांचं असं ठरलं होतं, की आज साहेब आला नाही तर त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घ्यायची, की मी माझ्या मर्जीने थांबतोय. हे वाचलं ना तेव्हा मी खरंच उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सात हजार मीटरवर, वादळानंतर, जीव धोक्यात घालून निघालेल्या माणसांना ही काळजी करावी लागली की खाली आपल्याला कोणी विचारेल, साहेबाला सोडून का आलात? एखाद्या साहेबाला असा कागद खिशात ठेवावा लागला असता का रे?

बळजबरी कोणाचीच नव्हती. मला वाटतं नंगा पर्बतला वर राहिलेली माणसं किकुलीच्या मनातून गेलीच नसणार. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. आपण त्या वयात ॲप्रेझलवरून रडत होतो.

त्सेरिंग सहाव्या कॅम्पला थांबला होता. 31 चा दिवस गेला, 1 ऑगस्टचा गेला. वरून कोणी आलं नाही. 2 तारखेला तो एकटा खाली उतरला, आणि ही चिठ्ठीची गोष्ट, तो चहा, वुल्फचं उद्या या, हे सगळं आज आपल्याला माहीत आहे ते त्याने खाली येऊन सांगितलं म्हणून. वुल्फचे अवशेष 2002 मध्ये खाली ग्लेशियरवर सापडले.

अजून बरंच आहे, फिन्सू आणि किटारबद्दल तर मी काहीच लिहिलं नाही, पुढच्या पत्रात लिहितो. गुडघा कसा आहे ते कळव, आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझाच